नागपुरात घेतलेले आठ शॉक : पाचपैकी चार तारे

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. त्यांची एक चूक सांगायची आहे आणि बरंही त्यांनीच केलं आहे, त्यामुळे नाव घेऊन भांडायचं मन होत नाही. नागपुरातलं खासगी हॉस्पिटल, बस. मनाच्या आजारासाठी तिथं मी डोक्याला विजेचे आठ शॉक घेतले. मी समुद्रपूर तालुक्यातली, जाम चौरस्त्यापासून आत आठ किलोमीटरवर राहते. घराच्या छपरीत मशीन आहे, बावीस वर्षं झाली ब्लाऊज शिवते. मापाची वही मी कधी ठेवली नाही. गावातल्या दीडशे-पावणेदोनशे बायांची मापं डोक्यातच. कोणाचा मुंढा मोठा ठेवायचा, कोणाला खोल गळा चालत नाही, कोणाचा उजवा खांदा अर्धा इंच उतरता आहे. माप घ्यायला टेप काढला की बाया हसायच्या, "तुले बी टेप लागते का व?"

२०२३ च्या गणपतीपासून माझं बिनसलं, असं घरचे सांगतात. दसऱ्यापर्यंत मशीनवर बसणं बंद झालं. दिवाळीत मी नवऱ्याला म्हटलं की माझं आतडं वाळून गेलं, अन्न खाली उतरायला जागाच राहिली नाही. नाटक नव्हतं ते, मला खरंच तसं वाटत होतं. वजन ५८ वरून ४४ वर आलं. उतारा झाला, गळ्यात धागा झाला, तालुक्याला दोन सलाईन झाल्या (सलाईन लागल्याशिवाय आमच्याकडे माणूस आजारी धरत नाहीत). मग वर्ध्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांच्या गोळ्या. एका तऱ्हेच्या पाच-सहा आठवडे, दुसऱ्या तऱ्हेच्या तितकेच. फरक पडला नाही. नवऱ्यानं फवारणीच्या औषधांचे डबे घरातून उचलले आणि भावाच्या वावरातल्या कोठ्यात नेऊन कुलूप लावलं. का लावलं ते आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. त्याच दिवसांत भावजयीनं १४४१६ लावला, तो टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक मदतीचा नंबर, रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. बाईला एकटं सोडू नका आणि मोठ्या ठिकाणी दाखवा, असं तिला सांगितलं. म्हणून नागपूर.

नागपूरच्या डॉक्टरांनी मला दहा मिनिटं बोलू दिलं. म्हणजे मी गप्प होते आणि ते थांबले. मग नवऱ्याला म्हणाले, ही पाणीही पीत नाही, आतडं वाळल्याचं मनात पक्कं बसलं आहे, अशा पेशंटला आणखी दोन महिने गोळ्यांची वाट पाहायला लावणं धोक्याचं. ईसीटी देऊ, म्हणजे विजेचा शॉक. दहातल्या सहा ते आठ जणांना फरक पडतो, आणि असा खोल गेलेला, भ्रम असलेला आजार असेल तर उलट जास्त चांगला लागू पडतो. सासूबाई एकदम उभ्या राहिल्या. "माह्या सुनेले करंट देऊन रायले का? मोटारपंप हाय का ते?"

डॉक्टर चिडले नाहीत, हा त्यांचा एक तारा. म्हणाले, आजी, करंट काही सेकंदांचा. त्यानं मेंदूत मिरगी येते, आणि ती मिरगी म्हणजे औषध.

बरी झाल्यावर मी मोबाईलवर याचं पुष्कळ वाचलं. सुरुवात विजेनं झालीच नव्हती. १९३४ साली बुडापेस्टच्या मेडुना नावाच्या डॉक्टरनं पेशंटला कापूर टोचून मिरगी आणली. आरतीत जाळतो तोच कापूर, तेलात कालवून. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी त्या जागी वीज आणली. तेव्हा भूल नव्हती, झटक्यानं लोकांची हाडं मोडायची. सिनेमात दिसतो तो शॉक त्या काळचा. अंग ढिलं करणारं आजचं औषध १९५० च्या दशकात आलं. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल आणि ते औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदीच आहे. सासूबाईंना हे सांगितलं तर कापराचं ऐकून त्या म्हणाल्या, "कापूर बरा होता."

पहिला शॉक ५ फेब्रुवारी २०२४, सोमवार. पहिल्या चारांचं मला काहीच आठवत नाही, ते नवऱ्याचं ऐकून लिहिते. पुढच्या चारांचं सुई लागेपर्यंतचं आठवतं.

आदल्या दिवशी केस धुवायचे आणि तेलाचं बोट लावायचं नाही, कारण कानशिलावर करंटच्या पट्ट्या चिकटवतात त्या घसरतात. नखाचा रंग पुसायचा, नाहीतर बोटाला लावतात त्या चिमट्यात ऑक्सिजन नीट दिसत नाही. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, सगळं काढायचं. जोडवी काढताना सासूबाई रडल्या म्हणे, मी नाही. रात्रीपासून पाण्याचा घोटही बंद. वेळ सकाळी सातची आणि नंबर लागायचा साडेदहाला. सहा-सात जण कोरड्या घशानं लाकडी बाकावर बसून, आणि समोर नातेवाईक चहा पिताहेत. आधी आलेल्याला आधी घेत नाहीत, अॅडमिट असलेल्याला आधी घेतात, हे तिसऱ्या खेपेला कळलं. बाहेरगावच्यांनी अॅडमिटच व्हावं.

आत सहा माणसं होती. आमचे डॉक्टर, भुलीचे डॉक्टर, दोन सिस्टर, एक ब्रदर आणि एक शिकाऊ मुलगी. डाव्या हाताला सुई. आणि उजव्या घोट्यावर बीपीचा पट्टा. हातावर बांधतात तो पट्टा पायाला कशाला, हे मी पाचव्या खेपेला विचारलं, आणि सिस्टरनं घाई असूनही नीट सांगितलं. भुलीनंतर अंग ढिलं करायचं औषध देतात. त्याआधी पट्टा फुगवून घोटा आवळतात, म्हणजे ते औषध त्या पावलात उतरत नाही. मिरगी आली की बाकी अंग निपचित पडून राहतं आणि तेवढं एक पाऊल थरथरतं. ते थांबेपर्यंत डॉक्टर घड्याळावर मोजतात. माझी पहिली ३८ सेकंदांची, फाईलवर लिहिलं आहे. डोक्याला तारा लावून कागदावर रेघाही काढतात, पण सिस्टरचा भरवसा पावलावर जास्त. तोच पाय मी मशीनच्या पायडलवर पुढे ठेवते. जाग आली की त्या विचारायच्या, "काय ताई, आज किती ब्लाऊज शिवले?" त्यांना एक पूर्ण तारा.

जाग आल्यावर अर्धा तास गोंधळाचा. नवऱ्याला मी विचारलं, तुम्ही कोणत्या गावचे. डोकं दुखायचं, जबडा दुखायचा (दातांत रबर देतात, तरी). दुसऱ्या दिवशी अंग असं दुखायचं की दिवसभर कापूस वेचून आले. ते त्या ढिलं करणाऱ्या औषधामुळे, दोन दिवसांत जातं.

गुण कधी आला? नवरा म्हणतो, चौथ्यानंतर. वॉर्डाबाहेरच्या टपरीवरून कोणी तर्री-पोहे आणले होते, वास आला आणि मी म्हणाले, "मले बी पायजे." त्यानं प्लेट आणली, मी निम्मी खाल्ली, त्यानं उरलेल्या प्लेटचा फोटो काढला. फोटो आहे, त्यात माझा हातही दिसतो. मला ते पोहे आठवत नाहीत. पण आतडं वाळल्याचं मी त्यानंतर पुन्हा बोलले नाही. सहाव्यानंतर शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या गाऊनची उसवलेली शिवण मला खुपायला लागली आणि मी सिस्टरकडे सुई-दोरा मागितला. सुई मिळाली नाही, नियम असेल.

आता विसरण्याचं.

त्याच चौथ्या शॉकनंतरची गोष्ट. दुपारी मी नवऱ्याला विचारलं, घरी बैलांना कोण पाहते. तो म्हणाला, "इकले ना. दसऱ्याच्या अगुदर." मी रडले. आमचे बांड्या आणि मोऱ्या, मोऱ्या तर घरच्या गाईचा. संध्याकाळी मी परत विचारलं, बैलांना कोण पाहते. त्यानं परत सांगितलं, मी परत तितकीच रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा. चौथ्यांदा तो म्हणाला, "भाऊ पाहून रायला," आणि बाहेर जाऊन बसला. विकले कशासाठी, तर सोयाबीन पिवळं पडून हातचं गेलं होतं आणि कृषी केंद्राची उधारी थकली होती. विकताना मी स्वतः त्यांना कुंकू लावलं, भाकर चारली, मोऱ्याची दोरी गिऱ्हाइकाच्या हातात मीच दिली. हे सगळं मी ऐकून लिहिते आहे. माझ्या डोक्यात ते दोघं अजून गोठ्यात बांधलेले आहेत आणि समोर पाहते तर गोठ्यात नवऱ्याची मोटारसायकल.

नवऱ्यानं डॉक्टरांना धरलं, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "कात्री कोणत्या हातानं धरता?" मला वाटलं, कामाची चौकशी करताहेत. उजव्या हातानं म्हटल्यावर त्यांनी पद्धत बदलली. पहिले चार डोक्याच्या दोन्ही बाजूंनी दिले होते. त्यानं गुण लवकर येतो पण विसरणंही जास्त होतं. उजव्या हाताच्या माणसाचं बोलणं, शब्द, हे बहुतेक करून मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, म्हणून पुढचे चार फक्त उजव्या बाजूनं दिले. आणि आठवड्यात तीनऐवजी दोन. फरक पडला. पाचव्यापासून मला पावलाचा पट्टा, सिस्टरचं नाव, बाकावरची माणसं, सगळं आठवतं. दर वेळी ते विचारायचे, आज वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात-सात वजा करत जा. वजाबाकी मी डोळ्यांपुढे टेप धरून करायचे. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर मीही सांगत नाही.

घरी आल्यावर तीन आठवड्यांत नवीन गोष्टी नीट लक्षात राहायला लागल्या. गॅसवर दूध ठेवून विसरणं थांबलं. आधीचं मात्र तुकड्यातुकड्यानं आलं, आणि सगळं आलं नाही. राखीपासून पुढं महाशिवरात्रीपर्यंतचं कापड उंदरानं कुरतडल्यासारखं आहे. दिवाळी नाही, नणंदेच्या मुलीचं साखरपुड्याचं जेवण नाही, संक्रांतीचं वाण कोणाला दिलं ते नाही. डॉक्टर म्हणतात, यातलं थोडं आजारानंच खाल्लं असेल, इतक्या खाली गेलेल्या माणसाच्या मनावर त्या वेळी धड काही उमटतच नाही. असेल. पण मोऱ्याची दोरी हातातून सुटलेली उमटली नसेल, हे मला पटत नाही.

हात मात्र काही विसरले नाहीत. मार्चमध्ये मशीनचं कव्हर काढलं, बॉबिन भरली, पहिला ब्लाऊज चाळीस मिनिटांत उतरला, कटोरीसकट. जुनी मापंही जागेवर होती, वीस वर्षांपासूनच्या बायांची. गोंधळ झाला तो पिशवीचा. मशीनखाली एक पिशवी सापडली, त्यात चौदा ब्लाऊज पीस, राखीनंतर गणपतीपर्यंत घेतलेले. कोणाचे, कसे शिवायचे, आगाऊ पैसे घेतले की नाही, काही नाही. मी पिशवी छपरीत लटकवली आणि बायांना सांगितलं, आपापलं ओळखून घ्या. बारा गेले. कोणी जास्तीचा नेला असेल असं मला वाटत नाही, आणि वाटलं तरी सिद्ध करू शकत नाही. तेराव्या पीसमध्ये एका पोरीची चिठ्ठी निघाली.

चौदावा मेंदी रंगाचा, लाल काठाचा. त्याच्यावर दोघींनी हक्क सांगितला. एक गल्लीतल्या काकू, त्या म्हणाल्या दोनशे रुपये ॲडव्हान्स दिला. दुसरी नवी सून, ती म्हणाली तिच्या माहेरचा आहे. दोघी माझ्यापुढे कापडाची दोन टोकं धरून उभ्या. मी कापड घेतलं, पसरलं. माझ्या खडूच्या खुणा होत्या, कापायचं तेवढं बाकी. छाती छत्तीस. काकूंची चाळीस, सुनेची बत्तीस. दोघी गप्प. तरी छत्तीसवाल्या गावात दहा-अकरा निघतील. मग खांद्याची रेघ पाहिली. उजवीकडची अर्धा इंच खाली घेतलेली. असा खांदा गावात एकीचाच, बावीस वर्षं मशीनवर वाकून झालेला. नवरा ओट्यावर तूर निवडत होता, मान वर न करता म्हणाला, "तुया भावानं राखीले देल्ला होता तो."

शिवला. छत्तीसचा शिवला नाही, चौतीसचा शिवला, शिलाईत कापड सोडून. तेव्हा माझं वजन ४९ होतं, आता ५५ आहे.

एक तारा मी कापला तो फॉर्मसाठी. संमतीचा फॉर्म इंग्रजीत होता, तीन पानं. मी सही केली, नवऱ्यानं केली. विसरण्याबद्दल तोंडी एकच वाक्य सांगितलं, "थोडं विसरायला होईल, परत येईल." पुष्कळसं परत येतं, हे खरं. पण मागचे काही महिने कायमचे जाऊ शकतात, हे आधी माहीत असणाऱ्यांनी आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तरी मी सही केली असती, त्या हालतीत बाईनं दुसरं काय करावं? पण नवऱ्यानं पिशवीतल्या कापडांवर नावं टाचून घेतली असती. सासूबाईंनी उधारी विचारून लिहिली असती. मी हे मे महिन्यात डॉक्टरांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली. फॉर्म बदलला की नाही ते मी पाहिलं नाही.

तेव्हा कोणी नेत असाल तर आधी एक दिवस काढा. पेशंटला घेऊन बसा, नाहीतर त्याला सोडून बाकीचे बसा. मागच्या सहा महिन्यांत काय झालं, कोणाचे पैसे देणं-घेणं आहे, बँकेचा आणि फोन-पेचा पिन काय, दागिना कुठं ठेवला, कोण वारलं, काय विकलं, वहीत लिहा. कोण वारलं हे नक्की लिहा, नाहीतर माणसाला एकच मौत चार वेळा सोसावी लागते. मला तर फक्त बैलांची होती. डॉक्टरला विचारा, एका बाजूनं देता येईल का, आठवड्यात दोनवर भागेल का. जिवावरचं असेल तर ते दोन्ही बाजूंनीच देतील, आणि मग वाद घालू नका.

खर्च : एका शॉकचे ३,००० प्रमाणे २४,०००, खाट आणि औषधं वेगळी. पावती प्रत्येक वेळी मिळाली. संडास साफ असायचा पण आतून कडी नव्हती. तीही मुद्दाम असेल.

शॉक संपले म्हणजे संपलं असं धरू नका. नंतर गोळ्या बंद केल्या तर निम्म्याहून जास्त जणांचा आजार सहा महिन्यांत परत फिरतो. मला लिथियम दिलं आहे. त्याचं रक्त तपासावं लागतं, किडनी-थायरॉईडसकट. आमच्या उन्हाळ्यात ही गोळी सांभाळून घ्यायची. अंगातलं पाणी आटलं की ती रक्तात वाढते, हात थरथरतात, उलट्या होतात. मे महिन्यात पारा ४५ वर असताना मी तीन तांबे जास्त प्यायचे आणि मीठ बंद केलं नाही. अंग दुखलं म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन आणून खायची नाही, त्यानंही लिथियम चढतं. हात थरथरले की मला लगेच कळतं, सुईत दोरा जात नाही.

पुढची तपासणी पुढच्या गुरुवारी. सकाळी गोळी न घेता रक्त द्यायचं, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, हे लॅबवाल्याला आपणच सांगायचं, तो विचारत नाही. घरची चादर न्या. चार्जर लांब वायरचा न्या. आणि परतीची बस सहाच्या आतली धरा, जामवरून आत यायला आठनंतर काही मिळत नाही.